द्रावक नावाचा कामापुरता मामा

आमच्या उमरखेडात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत आता सगळीकडे वीस लिटरचे पाण्याचे जार दिसतात. 'आरोचं पाणी' हा शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीसुद्धा इतका रुळलाय की तो इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. जारवाला पेनाएवढा मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो, आपण मान डोलावतो. फार चौकस माणूस असला तर विचारतो, "ह्याच्यात केमिकल तं नाही ना टाकत?" जारवाला छातीवर हात ठेवून सांगतो, "एक थेंबही नाही, काका."

तो खोटं बोलत नाही. पण ज्या पातळ कागदासारख्या पडद्यातून ते पाणी गाळलं जातं, तो पडदा बनवताना मात्र बऱ्यापैकी जहाल रसायन वापरलेलं असतं, आणि शेवटी त्या पडद्यात ते जवळजवळ शिल्लकच राहत नाही. आजचं लिहिणं त्या निघून गेलेल्या रसायनाबद्दल आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला 'द्रावक' म्हणतात. मीठ-पाण्याच्या द्रावणात मीठ द्राव्य, पाणी द्रावक. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न, आणि मग आयुष्यभर विसरायचं. मी तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं द्रावकाला असंच एका वाक्यात उरकलं. अभ्यासक्रमच तसा होता.

तर, पडदा बनतो कसा? पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा एखादा पदार्थ, द्रावकात विरघळवायचा. साधारण शंभर भागांत पंधरा ते वीस भाग पॉलिमर. मधासारखं घट्ट, पारदर्शक द्रावण होतं. ते काचेवर किंवा पॉलिएस्टरच्या कापडावर पट्टीनं पातळ पसरायचं, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढ्या जाडीचं, आणि काच तशीच्या तशी पाण्याच्या ट्रेमध्ये सोडायची. बस. पाच आकडे मोजेपर्यंत तो पारदर्शक थर दुधासारखा पांढराफटक होतो, काचेवरून सुटतो आणि पाण्यात तरंगायला लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादूच वाटते.

घरी याचा भाऊबंद बघायचा असेल तर पाण्यात डेटॉल टाकून बघा. बाटलीत पारदर्शक असलेलं डेटॉल पाण्यात पडलं की पांढरं होतं, कारण त्यातलं अल्कोहोल पाण्याशी हातमिळवणी करून निघून जातं आणि त्याच्या भरवशावर विरघळून राहिलेले तेलकट पदार्थ उघडे पडतात, बारीक थेंब बनून विखुरतात. पडद्याचंही तसंच. द्रावक पाण्याकडे धावतो, पाणी पॉलिमरच्या थरात घुसतं. पॉलिमरला पाणी अजिबात मानवत नाही, त्यामुळे तो अंग चोरून एकत्र येतो. जिथे तो एकवटला तिथे भिंत बनते, जिथे पाणी आणि द्रावक साचले तिथे भोक. ही सगळी भोकं हत्यारानं पाडलेली नसतात. दोन द्रवांच्या अदलाबदलीत ती आपोआप पडतात, आणि ती किती मोठी, कुठल्या आकाराची, वरून खालपर्यंत जोडलेली की बंद, हे बऱ्याच अंशी त्या निघून जाणाऱ्या पाहुण्यावर ठरतं.

आपल्याकडे काम झालं की विसरल्या जाणाऱ्याला 'कामापुरता मामा' म्हणतात. हा द्रावक अगदी तसा. फरक इतकाच की हा मामा जाताना घराचा नकाशा ठरवून जातो.

इथे जरा खोलात शिरतो, कारण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. द्रावक पाण्यात झटकन मिसळणारा असेल आणि पॉलिमरला पाण्याचा थेंबही सोसवत नसेल, तर थर क्षणात फाटतो. आतून कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर वरच्या बारीक जाळीखाली हाताच्या बोटांसारख्या लांबच लांब पोकळ्या दिसतात. पाणी अशा पडद्यातून भराभर जातं. उलट द्रावक निघायला रेंगाळला तर थराचा वरचा पापुद्रा आधी घट्ट होत जातो, भोकं पडायला उशीर होतो, आणि शेवटी वर दाट कातडी नि खाली स्पंजासारखी रचना तयार होते. असा पडदा गाळतो बारीक, पण पाणी सोडायला कंजूष. पॉलिसल्फोन नावाचं प्लॅस्टिक डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये (याला पुढे डीएमएफ म्हणू) विरघळवून पाण्यात सोडा, पहिला प्रकार मिळेल. तेच टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवा, दुसरा मिळेल. पॉलिमर तोच, पाणी तेच, काच तीच.

आणि हे वाटतं तितकं सरळही नाही बरं का. ॲसिटोन आणि डायोक्झेन, दोन्ही द्रावकं पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात. साध्या तर्कानं दोघांचे पडदे सारखे यायला हवेत. पण १९८०च्या दशकात नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात रॉयव्हर्स आणि स्मोल्डर्स यांनी दाखवलं की सेल्युलोज ॲसिटेट डायोक्झेनमधून पाण्यात गेलं तर लगेच फाटतं, आणि ॲसिटोनमधून गेलं तर बराच वेळ पारदर्शकच राहतं. म्हणजे द्रावक पाण्यात मिसळतो की नाही एवढं बघून भागत नाही. द्रावक, पाणी आणि पॉलिमर या तिघांचं आपसात कसं जमतं ते बघावं लागतं. शिवाय द्रावण किती घट्ट, द्रावक किती लवकर उडून जातो, हेही आलंच. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, डीएमएफ १५३ अंशांना. आमच्याकडच्या मे महिन्यात ॲसिटोनचं द्रावण काचेवर पसरेपर्यंतच त्याच्यावर साय धरते.

या सायीचाच उपयोग एका भारतीयानं करून घेतला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. श्रीनिवास सौरीराजन. १९५०च्या दशकाच्या शेवटी ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब यांच्याबरोबर काम करत होते. समुद्राचं पाणी गोडं करायचं होतं. सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा मीठ अडवतो हे फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवलं होतं, पण त्यातून पाणी इतकं हळू झिरपायचं की तहानलेला माणूस वाट बघून उठून जावा. लोब आणि सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळवलं, त्यात थोडं पाणी आणि मॅग्नेशियम परक्लोरेट नावाचं क्षार घातलं, थर पसरला, वरचं ॲसिटोन थोडं उडू दिलं आणि मग तो बर्फाच्या पाण्यात बुडवला. वर अत्यंत पातळ दाट कातडी, खाली सच्छिद्र आधार. मीठही अडलं आणि पाणीही पूर्वीच्या कित्येक पट वेगानं आलं. १९६० साली पेटंटचा अर्ज, १९६४ साली पेटंट, आणि १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला या पद्धतीचं पाणी पुरवायला सुरुवात झाली. सौरीराजन पुढे कॅनडात गेले आणि ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत बरीच वर्षं याच विषयावर काम करत राहिले. आपल्या गल्लीतल्या आरोचा एक आजोबा असा भारतीय निघतो. कुठल्या आरोच्या दुकानात त्यांचा फोटो बघितला नाही मी अजून.

थोडं विषयांतर. सेल्युलोज ॲसिटेट बनवायला शुद्ध सेल्युलोज लागतं. ते लाकडाच्या लगद्यातून मिळतं, नाहीतर सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड लवेतून. आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. बातम्यांत तो कशासाठी येतो ते सांगायला नको. त्या सरकीवरच्या लवेचा आणि समुद्राचं पाणी गोडं करण्याचा काही संबंध असेल असं इथल्या एकाही शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. असो.

आज घरच्या आरोत सेल्युलोज ॲसिटेट राहिलेलं नाही. त्याला जिवाणू खातात, पाणी जास्त आम्ल किंवा अल्कधर्मी झालं की ते विघटित होतं. आता पॉलिएस्टरचं कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, आणि त्यावर केसाच्या जाडीच्या शेकड्याने भाग केले तर एका भागापेक्षाही पातळ असा पॉलिअमाइडचा थर असतो. मीठ आणि फ्लोराइड अडवतो तो हा सगळ्यात वरचा. पण त्याला उभं राहायला जागा देतो तो खालचा पॉलिसल्फोनचा थर, आणि तो बहुतेक ठिकाणी डीएमएफसारख्याच द्रावकातून ओतलेला असतो.

आता मुद्द्यावर येतो. डीएमएफ हे रसायन श्वासातून जातं तसंच कातडीतूनही शरीरात शिरतं आणि यकृतावर जातं. त्याच्यात काम करणाऱ्या कामगारानं घोटभर दारू घेतली तरी तोंड लालबुंद होतं, ही त्याची जुनी ओळख. गर्भालाही ते घातक मानलं जातं. त्याचा चुलतभाऊ एनएमपीचंही तेच. युरोपीय संघानं एनएमपीवर २०१८ साली नियम केला आणि मे २०२० पासून तो लागू झाला. डीएमएफवरचा नियम २०२१ सालचा, डिसेंबर २०२३ पासून लागू. सरसकट बंदी नाही, पण कामगाराच्या अंगाशी आणि श्वासाशी ते किती येऊ द्यायचं याच्या कडक मर्यादा आहेत. आणि पडदे पाण्यात बुडवून करायचे म्हटल्यावर ते सगळं द्रावक शेवटी त्या पाण्यात उतरतं. २०१५ सालच्या एका शोधनिबंधातला अंदाज असा, की जगभरचा पडदे-उद्योग दरवर्षी अशा द्रावकांनी बाटलेलं ५० अब्ज लिटरांहून जास्त सांडपाणी तयार करतो. पाणी शुद्ध करण्याचं साधन बनवताना! पिणाऱ्याला धोका नाही हे मी पुन्हा सांगतो, पडदा धुऊन-धुऊन द्रावक निघून गेलेलं असतं. धोका ट्रेपाशी उभ्या असलेल्या माणसाला आहे, आणि त्या कारखान्याच्या खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे त्याला.

"मग सोपं आहे, द्रावक बदला," असं कुणीही म्हणेल. शोधनिबंधांतही सध्या 'हरित द्रावक' या शब्दाची लाट आहे. लाकडाच्या भुशापासून बनणारं सायरीन, गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन, डीएमएसओ अशी नावं सतत दिसतात. माझा या दिशेला मनापासून पाठिंबा आहे, आणि तरीही या लाटेवर माझा राग आहे. वर जे सगळं सांगितलं त्याचा अर्थच असा, की द्रावक बदलला की पडदा बदलतो. सायरीन डीएमएफपेक्षा दहापटीहून घट्ट. त्यातलं द्रावण पसरायला जड, अदलाबदल मंद, भोकं वेगळी. डीएमएसओ तुलनेनं फार सौम्य, पण पॉलिसल्फोन त्यात नीट विरघळतच नाही. पॉलिइथरसल्फोन विरघळतं, पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल तर छान विरघळतं. म्हणजे द्रावक बदलायचा तर पॉलिमरही बदलावा लागतो, पॉलिमर बदलला की कारखान्यातली सगळी घडी बदलते. आणि निबंधाच्या शेवटी पडद्याची परीक्षा घेतलेली असते ती बहुतेकदा प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यावर. शुद्ध पाणी गाळून काय सिद्ध होतं, मला कधी कळलं नाही :)

पैनगंगेचं जुलैतलं पाणी आणून गाळा म्हणावं. काळ्या मातीचा चहा असतो तो.

इथे आमच्या भागाचा प्रश्न येतो. जिल्ह्याच्या पूर्वेला पांढरकवडा, झरी-जामणीकडे भूजलात फ्लोराइड आहे. तिथे लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं फ्लोराइड काढायचं तर आरोसारखा उपायच हवा, साध्या गाळणीनं ते हलत नाही. पण नदीकाठच्या गावांत मुख्य रोग गढूळपणाचा आणि जंतूंचा. त्याला मिठाच्या कणापर्यंत जाणारा आरो कशाला? त्याच्याहून मोठ्या भोकांचा, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढ्या भोकांचा 'अल्ट्राफिल्ट्रेशन' पडदा पुरतो. जिवाणू त्यातून जात नाहीत. पाणी वाया जात नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं पॉलिसल्फोनच्या अशा पडद्याचं घरगुती साधन तयार करून ते तंत्रज्ञान उद्योजकांना दिलं आहे. नळाच्या दाबावर चालतं, वीज लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या पडद्यांवर काम झालेलं आहे. ही आपल्या राज्यातली, करदात्यांच्या पैशातली कामं आहेत. तरी गावात दुकानदार पंचाहत्तर जीपीडीची आरो मेम्ब्रेन आणि पंपच विकतो, कारण मीटरवरचा आकडा कमी करून दाखवता येतो. जंतूंचा मीटर नसतो ना.

'वीज लागत नाही' या तीन शब्दांवर जरा थांबा. ज्यांच्या घरी भारनियमनात रात्री तीनला मोटार लावायला उठतात त्यांना याची किंमत कळेल. पडदा छतावरच्या टाकीच्या दाबावर पाणी सोडणार, की त्याला पंप लागणार, हे त्याच्या वरच्या कातडीच्या दाटपणावर ठरतं. कातडी दाट होणार की जाळीदार, हे इतर गोष्टींबरोबर द्रावकावर ठरतं. म्हणजे कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी बाटलीची निवड करतो आणि त्याचा परिणाम ढाणकी-बिटरगावाकडच्या एखाद्या घरात, लाइट गेल्यावर नळाला पाणी येतं की नाही, इथपर्यंत पोचतो. म्हणून मला 'हरित' हा शिक्का पुरत नाही. सौम्य द्रावकातून बनलेला पण पंपाशिवाय न चालणारा पडदा आमच्या कामाचा नाही. आणि भरभर पाणी देणारा, पण बनवणाऱ्या पोरीबाळींच्या यकृतावर उठणारा पडदाही मला नको आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागायला हव्यात. अवघड आहे. पण पॉलिमर निवडतानाच 'हा कशात विरघळतो' हा प्रश्न पहिला विचारला तर अशक्य नाही. पॉलिसल्फोनलाच चिकटून बसून त्याच्यासाठी नवा सौम्य द्रावक शोधत फिरण्यापेक्षा, डीएमएसओत सुखानं विरघळणारा पॉलिमर घेऊन त्याची भोकं हवी तशी बसवण्यावर आपल्या लोकांनी जास्त वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. यावर तज्ज्ञ मंडळी हसतील. पॉलिसल्फोन टिकाऊ आहे, स्वस्त पडतं, सगळी यंत्रं त्याच्यावर बेतलेली आहेत. मान्य. पण हे गणित मांडताना कामगाराचं यकृत आणि खालच्या अंगाची विहीर हिशोबात धरलेली नसते, तेव्हा स्वस्त हा शब्द जपून वापरा.

आणि कारखान्यांच्या आधी कॉलेजं. कारखान्यात निदान तपासणी होते, होत नसेल तर व्हायला हवी असा कायदा तरी आहे. लहान गावातल्या प्रयोगशाळेत कोण येतं? प्रकल्प म्हणून पोरं इंटरनेटवरून निबंध उतरवतात, त्यात पॉलिसल्फोन आणि डीएमएफ लिहिलेलं असतं, म्हणून तेच मागवतात. धूर ओढणाऱ्या कपाटाचा पंखा बंद पडलेला, हातमोजे दोन जोड्या आणि मुलं वीस. मी हे एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. नावं घेऊन काही साधत नाही. पण विद्यापीठांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पांत पडद्यासाठी डीएमएफ आणि एनएमपी सरळ बंद करावेत. शिकण्यासाठी त्यांची गरज नाही.

गरज नाही हे मी हवेत म्हणत नाही. गेल्या हिवाळ्यात ओळखीतली एक मुलगी प्रकल्पाविषयी विचारायला आली. यादीत अर्थातच डीएमएफ. तिला म्हटलं, सेल्युलोज ॲसिटेट घे, आणि द्रावकं दोन घे, ॲसिटोन आणि डीएमएसओ. ॲसिटोनपाशी काडी ओढायची नाही. डीएमएसओ हाताला लागू द्यायचं नाही, कारण स्वतः गरीब असलं तरी बरोबरच्या भलत्या गोष्टी कातडीतून आत नेतं. डीएमएसओची आणखी एक गंमत म्हणजे ते साडेअठरा अंशांना गोठतं. डिसेंबरात सकाळी तिचा घाबऱ्या आवाजात फोन, "सर, बाटलीतलं सगळं दगड झालं, खराब झालं वाटते!" कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवायला सांगितली, अर्ध्या तासात पुन्हा पातळ.

मग दोन काचा, एकाच मापाचा थर, एकच ट्रे. डीएमएसओवाली काच पाण्यात जाताच पांढरी झाली. ॲसिटोनवाली तशीच पारदर्शक पडून राहिली, इतकी की तिला वाटलं काहीतरी चुकलं. बऱ्याच वेळानं ती धुरकट झाली. वाळू न देता दोन्ही तुकडे प्लॅस्टिकच्या नळीच्या तोंडाशी बसवले, वर नदीचं गढूळ पाणी भरलं आणि नळ्या खिडकीच्या गजाला टांगल्या. डीएमएसओवालीतून नितळ थेंब पडत होते. ॲसिटोनवाली संध्याकाळपर्यंत जवळजवळ कोरडीच. पाणी तेच, पॉलिमर तोच, उंचीही तीच.

"मग ॲसिटोनवाला बेकार झाला का, सर?" तिनं विचारलं. म्हटलं, त्याच्या मागं पंप लाव, मग बघू मीठ अडवतो का. पंप काही आमच्याकडे नव्हता. दोन्ही तुकड्यांचे आडवे छेद मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला तिनं बाहेरगावी पाठवलेत. बोटं दिसतात की स्पंज, ते फोटो आले की कळेल.